नवरा-बायको नव्याने जर्मनीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून जर्मनीत राहायला आलेली मराठी जोडपी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक ठिकाणी एकाच्या हातात नोकरी आणि ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास-परवाना) असतं, दुसरा जोडीदार त्याच्या मागोमाग येतो. उत्तरं याच परिस्थितीला धरून आहेत. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांचे काही नियम वेगळे असतात. रकमा आणि मर्यादा २०२६ च्या आहेत. उत्तरांमध्ये एक आग्रह वारंवार दिसेल: शक्य तिथे दोघांचंही नाव लावा. तो मुद्दाम आहे.

१. उतरल्यावर सगळ्यात आधी काय करायचं?

आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात, ती करायची. घरमालकाचं 'हे इथे राहायला आलेत' असं सही केलेलं पत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायलाच दोन आठवड्यांहून जास्त लागतात. अशा वेळी बुकिंगचा पुरावा जपून ठेवा.

लग्नाचं प्रमाणपत्र आणि न्यायालयाने शपथबद्ध केलेल्या भाषांतरकाराकडून केलेलं त्याचं जर्मन भाषांतर याच वेळी सोबत न्या. वैवाहिक स्थितीची नोंद इथे होते आणि पुढे पगारातून किती कर कापला जाईल ते त्यावर ठरतं (प्रश्न ६ पाहा). फॉर्मवर धर्म विचारतात तो चर्चच्या करासाठी. तो कर लावणाऱ्या संस्थांचे तुम्ही सदस्य नसाल, तर तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

२. नवऱ्याची पत्रं येतात, माझी एकही येत नाही. माझा टॅक्स आयडी, विम्याचं कार्ड, बँकेचा पिन, सगळं अडकलंय. कुठे तक्रार करू?

आधी खाली जाऊन टपालपेटी बघा. तिच्यावर फक्त नवऱ्याचं आडनाव असेल, तर पोस्टमन तुमचं पत्र 'इथे अशी व्यक्ती राहत नाही' म्हणून परत पाठवतो. इथे फ्लॅट नंबर बहुधा नसतो, पत्र नावावर पोहोचतं. लग्नानंतर नाव बदललं नसेल किंवा पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल, तर हे हमखास होतं. पेटीवर आणि बेलवर दोन्ही आडनावं लावा, पासपोर्टवर आहेत त्याच स्पेलिंगने. मालक छापील पट्टी देईपर्यंत कागदाची चिठ्ठी चिकटवली तरी चालते. टॅक्स आयडीचं पत्र हरवलं असेल तर ते पुन्हा मागवता येतं.

३. माझ्या डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. अडचण येईल का?

येईल, पण सुटणारी. दोन्ही नावांना जोडणारा कागद म्हणजे लग्नाचं प्रमाणपत्र. त्यावर लग्नाआधीचं नाव स्पष्ट असायला हवं. आपल्याकडे काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. तसं झालं असेल तर राजपत्रातली नावबदलाची नोंद आणि तिचं भाषांतर सोबत ठेवा. अजून भारतात असाल आणि नाव बदलावं की नाही असा विचार चालू असेल, तर माझं मत विचाराल तर बदलू नका. निम्मे कागद वाचतात.

४. मी 'डिपेंडंट' व्हिसावर आहे. मला नोकरी करता येते का?

हो, पहिल्या दिवसापासून, कुठलीही, कितीही तासांची. वेगळा वर्क परमिट लागत नाही. तुमच्या निवास-परवान्यावर कामाची मुभा छापलेलीच असते. स्वतःचा व्यवसायही करता येतो. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची ए१ (सगळ्यात प्राथमिक पातळीची) परीक्षा द्यावी लागत नाही, ही सवलत आहे. मात्र भाषेशिवाय मिळणाऱ्या नोकऱ्या थोड्याच आहेत (प्रश्न १० पाहा). 'डिपेंडंट' हा शब्द आपल्या लोकांनी आणलाय. इथल्या कायद्याने कामाच्या बाबतीत तुम्हाला कुणावर अवलंबून ठेवलेलं नाही.

५. आरोग्य विमा दोघांचा वेगळा काढायचा का?

नोकरी करणारा जोडीदार सरकारी विमा व्यवस्थेत असेल, तर न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात, जादा पैसे न भरता बसतात. जोडीदाराने मिनीजॉब, म्हणजे थोड्या कमाईचं छोटं काम, केलं तरी महिन्याला ६०३ युरोपर्यंत ही सोय टिकते. त्यापुढे कमावू लागलात की तुमचा स्वतःचा विमा सुरू होतो.

घोळ होतो तो खासगी विम्यात. चांगला पगार असलेल्या तरुणाला एजंट कमी हप्त्याचं आमिष दाखवतो. तो एकटा असताना हिशेब बरोबर दिसतो. पण खासगीत माणशी वेगळा हप्ता असतो. बायको आली, मूल झालं की तोच विमा महाग पडतो, आणि सरकारी व्यवस्थेत परत येणं सोपं नाही. लग्न ठरलेलं असताना खासगीत जाऊ नये, असं मी ठामपणे सांगेन.

६. टॅक्स क्लास तीन-पाच घ्यावा की चार-चार?

नोंदणीनंतर नवरा-बायकोला आपोआप चार-चार मिळतो, म्हणजे पगारातून कर कापण्यासाठी दोघांनाही चौथा वर्ग. एकच जण कमावत असेल तर त्याने तीन घेतल्यावर (जोडीदाराला मग पाच मिळतो) दर महिन्याला हातात जास्त येतात, म्हणून सगळे तोच सल्ला देतात. तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

पण वर्षाचा एकूण कर दोघांच्या एकत्र विवरणपत्रावर ठरतो, क्लास कोणताही असो. क्लासवर ठरतं ते एवढंच की महिन्याला कुणाच्या पगारातून किती कापायचं. पाचमधल्या माणसाचा निव्वळ पगार फारच कमी दिसतो. आणि बेकारी भत्ता, बाळंतपणानंतरचा एल्टर्नगेल्ड (पालकांना मिळणारा सरकारी भत्ता) हे त्या निव्वळ पगारावर मोजतात. म्हणजे बायको पाचमध्ये असेल आणि बाळाचा विचार चालू असेल, तर तिचं खरंखुरं नुकसान होतं. तिचा क्लास आधी बदलावा लागतो, तोही बाळंतपणाची रजा सुरू होण्याच्या महिन्याआधी किमान सात महिने. दुसऱ्या जोडीदारालाही नोकरी लागली की चार-चारवर या. तीन-पाचमध्ये विवरणपत्र भरणं सक्तीचं असतं, हेही लक्षात असू द्या.

७. बँक खातं, घराचा करार, वीज, इंटरनेट: सगळं एकाच्या नावावर असलं तर काय बिघडतं?

रोजच्या जगण्यात काही बिघडत नाही, म्हणूनच ते तसंच राहून जातं. बिघडतं ते पुढे. पत वेगळी तयार होत नाही, त्यामुळे दोन वर्षांनी तुम्ही स्वतःच्या नावाने मोबाइलचा करार मागितला तर नकार येऊ शकतो. करारात नाव नसेल तर मालक तुमच्याशी बोलायला बांधील नसतो.

निदान एवढं करा: भाडेकरारावर दोघांच्या सह्या, एक संयुक्त खातं, आणि शिवाय न कमावणाऱ्या जोडीदाराचं एक स्वतंत्र खातं. त्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम न मागता जमा व्हावी. बसचा पास काढायला किंवा केस कापायला पैसे मागावे लागणं, यातून होणाऱ्या भांडणांची पत्रं मला सगळ्यात जास्त येतात, आणि ती लिहिणाऱ्यांचे नवरे वाईट असतात असं अजिबात नाही. भाडेकरारावर सही केली की भाड्याची जबाबदारीही दोघांवर येते, हेही खरं.

उलट टीव्ही-रेडिओची वर्गणी मात्र घरटी एकच असते, महिन्याला १८.३६ युरो. नोंदणीनंतर दोघांनाही पत्र येतं. एकाने भरत असल्यास दुसऱ्याने फक्त तो वर्गणी क्रमांक कळवायचा.

८. घर भाड्याने घेतलं तर स्वयंपाकघरात साधं सिंकही नाही. फसवलं का आम्हाला?

नाही. इथे बरीच घरं ओट्याशिवाय, सिंकशिवाय, दिव्यांशिवायही देतात. जाहिरातीत 'आइनबाउक्यूशे' असं असेल तर बसवलेलं स्वयंपाकघर मिळतं. नाहीतर आधीच्या भाडेकरूकडून जुनं विकत घ्या, सगळ्यात सोपं. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे.

९. कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणीचा वास, शेजारी तक्रार करतील का?

दिवसा कुकर लावायला कुणाची हरकत नसावी. स्वयंपाक हा घराचा नेहमीचा वापर आहे. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ. रविवारी आणि सणाच्या सुट्टीला दिवसभर. ड्रिल, हातोडा, काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकणं, सगळं बंद. मिक्सरवर ओलं वाटण रात्री अकराला काढू नका एवढं पुरे. श्टुटगार्टच्या भागात राहत असाल तर जिना झाडण्याची आठवड्याची पाळीही असते. दारावर पाटी लटकली म्हणजे तुमची पाळी आली.

खरी काळजी भिंतींची घ्या. हिवाळ्यात खिडक्या घट्ट बंद, आत वरण उकळतंय, दोरीवर कपडे वाळताहेत. सकाळी काचेवरून पाणी ओघळतं आणि काही आठवड्यांत खिडकीच्या रबराच्या कडेला काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी. घर सोडताना अनामत कापण्याचं हे नेहमीचं कारण आहे. खिडकी थोडीशी तिरपी उघडी ठेवून उपयोग होत नाही. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा, हीटर तेवढा वेळ बंद करा. स्वयंपाक झाल्यावर तर लगेच.

१०. जर्मन कुठे शिकायची? नवरा म्हणतो अॅपवर शिक.

अॅपवर शब्द येतील, बोलणं येणार नाही. कौटुंबिक परवान्यावर आलेल्यांना सरकारी इंटिग्रेशन कोर्स करता येतो: साधारण ६०० तासिका भाषा आणि १०० तासिका जर्मनीची ओळख, शेवटी बी१ (मध्यम पातळीची) परीक्षा. खर्चाचा मोठा भाग सरकार उचलतं. परवाना काढताना आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात, त्याचं पत्र मागून घ्या. ते न मिळाल्यास गावोगावच्या फोल्क्सहोखशूलेचे (प्रौढ शिक्षण केंद्राचे) वर्ग स्वस्त असतात.

वर्गाचा दुसरा फायदा मला मोठा वाटतो. सकाळी घराबाहेर पडायला कारण मिळतं, आणि नवऱ्याच्या ऑफिसातून न आलेली, स्वतःची चार माणसं ओळखीची होतात.

नोकरी करणाऱ्यालाही भाषा लागते. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी कायमचा परवाना मिळू शकतो, तोही ए१ असेल तर. बी१ असेल तर २१ महिन्यांनी.

११. दिवसभर एकटी असते. आल्यावर दोन महिने मजा वाटली, आता सारखं रडू येतं. सगळ्यांनाच असं होतं का?

पुष्कळांना होतं, आणि बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. सुरुवातीला घर लावणं, फिरणं, फोटो यांत वेळ जातो. मग कळतं की सकाळी साडेआठला दार बंद झालं की संध्याकाळपर्यंत कुणी आपलं नाव घेऊन हाक मारत नाही. भारतात तुम्ही नोकरी करत असाल तर हे आणखी बोचतं. त्यात डिसेंबर असेल तर बर्लिनला सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो.

नवऱ्यांसाठी: 'तुला काय कमी आहे?' हा प्रश्न विचारू नका. तो आभार मागणारा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर नसतं. त्याऐवजी एखादं काम पूर्णपणे तिच्याकडे जाऊ द्या, उदाहरणार्थ विमा कंपनीशी बोलणं, मोडक्या जर्मनमध्ये का होईना. सगळी पत्रं तुम्हीच उघडायची आणि सगळे फोन तुम्हीच करायचे, याने मदत होत नाही. ती दर महिन्याला आणखी परकी होत जाते.

झोप उडाली, जेवण जात नाही, आठवडे उलटले तरी मन वर येत नाही, असं असेल तर हाउसआर्ट्झ्टकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन हेच सांगा. रात्री-अपरात्री तातडीचं, पण जिवावरचं नसेल तर ११६ ११७. जिवावरचं असेल तर ११२.

१२. मी नवरा आहे, बायकोच्या ब्लू कार्डवर आलोय. नातेवाईक विचारतात, 'तू तिकडे करतोस काय?'

कागदोपत्री वरचं सगळं तुम्हालाही जसंच्या तसं लागू. नातेवाईकांना 'जर्मन शिकतोय' हे उत्तर पुरतं. खरी अडचण अशी दिसते की पुरुष लाजेपोटी भाषा सोडून पहिलं मिळेल ते काम धरतात आणि मग त्यातच राहतात. घरची परिस्थिती परवडत असेल तर आधी बी१ करा. आणि रोजचा स्वयंपाक तुमच्याकडे आला असेल तर तो फोनवर आईपासून लपवू नका. लपवल्याने बायकोलाही खोटं बोलावं लागतं.

१३. माझी भारतातली डिग्री इथे चालते का?

दोन भाग करा. आयटी, मार्केटिंग, अकाउंट्स अशा क्षेत्रांत मान्यता कायद्याने सक्तीची नाही, कंपनीने घेतलं की झालं. तरी विद्यापीठाचं नाव 'आनाबिन' या सरकारी यादीत तपासा. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, फिजिओथेरपिस्ट, शाळेतले शिक्षक यांना मान्यतेशिवाय काम करता येत नाही, आणि त्याला महिने नव्हे, कधी वर्षं लागतात. डॉक्टरांना वैद्यकीय जर्मनची परीक्षा आणि बहुधा ज्ञानपरीक्षाही द्यावी लागते. अशा जोडप्यांनी कोणत्या राज्यात राहायचं हे ठरवतानाच चौकशी करावी, कारण कामाची पद्धत राज्यागणिक बदलते.

१४. कामवाली नाही, डबेवाला नाही. घरकामावरून रोज भांडण होतं.

होणारच. याआधी ते काम तिसरंच कुणी करत होतं, त्यामुळे वाटणी कशी करायची हा प्रश्न दोघांसमोर कधी आलाच नव्हता. 'मदत करतो' या भाषेने भागत नाही. कामं वाटून टाका. कचरा वेगळा करणं आणि कपडे एकाचे, बाजार आणि बाथरूम दुसऱ्याचे, असं काहीही. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारचा बाजार कुणाचा हे शुक्रवारीच ठरलेलं असावं. पोळ्या रोज लाटायलाच हव्यात का, यावरही एकदा मोकळेपणाने बोला.

१५. सासूबाई रोज सकाळी व्हिडिओ कॉल करतात. नेमकी आमची ऑफिसची घाई. त्यांना वाईट न वाटता कसं सांगू?

तुम्ही सांगू नका, त्यांच्या मुलाला सांगू द्या. भारत उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. दुपारचं जेवण उरकून त्या बाराला फोन घेतात, तेव्हा इथे हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. आठवड्यातले दोन-तीन ठरलेले वार आणि शनिवारी सकाळी निवांत मोठा कॉल, हे बहुतेक घरांत मान्य होतं. घड्याळ बदललं की वेळ आठवणीने कळवा, नाहीतर गैरसमज.

१६. आई-बाबांना किती दिवस आणता येईल?

शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. खर्चाची हमी तुम्ही घेणार असाल तर आउसलेंडरबेहोर्डेकडून हमीपत्र काढायचं. ते गंभीर कागद आहे, त्यांच्यावर झालेला सरकारी खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. दोघांच्या आई-वडिलांना पाठोपाठ बोलवून सहा महिने सलग पाहुणे ठेवण्याआधी आपसात नीट बोला. दोन खोल्यांच्या घरात हिवाळा मोठा असतो.

१७. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स चालतं का?

इथे राहायला आल्यापासून सहा महिने. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीतून देता येते.

१८. दिवस गेलेत. आधी काय करायचं?

स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्या आणि त्याच आठवड्यात हेबामे, म्हणजे सुईण, शोधायला लागा. बाळंतपणानंतर ती घरी येऊन तुम्हाला आणि बाळाला बघते, खर्च सरकारी विमा करतो, पण शहरांत त्यांची टंचाई आहे. नोकरी असेल तर प्रसूतीआधी सहा आणि नंतर आठ आठवडे संरक्षित रजा मिळते. टॅक्स क्लासचं वर सांगितलंच आहे (प्रश्न ६).

बाळ जर्मनीत जन्मलं म्हणून जर्मन होत नाही. आई किंवा वडील किमान पाच वर्षं कायदेशीरपणे इथे राहिलेले हवेत आणि त्यांच्याकडे कायम राहण्याचा परवाना हवा. नाहीतर बाळाची नोंद भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात एका वर्षाच्या आत करा.

१९. ब्लू कार्डवाल्याची नोकरी गेली तर दोघांनाही जावं लागतं का?

दुसऱ्या दिवशी नाही. नोकरी गेल्याचं आउसलेंडरबेहोर्डेला दोन आठवड्यांत कळवावं लागतं; नवी नोकरी शोधायला बहुधा मुदत मिळते. याच वेळी दुसऱ्या जोडीदाराची नोकरी घर तारते. तिचा पगार आणि पदवी अटींत बसत असेल तर ब्लू कार्ड तिच्या नावाने घेऊन भूमिकांची अदलाबदल करता येते. कागद वेळेत तयार हवेत, म्हणून प्रश्न १३ मधली तपासणी गरज नसतानाच करून ठेवा.

२०. संसार जमत नाहीये. वेगळी झाले तर मला परत पाठवतील का?

जर्मनीत एकत्र संसाराला तीन वर्षं झाली असतील तर तुम्हाला स्वतंत्र परवान्याचा हक्क मिळू शकतो. त्याआधी वेगळे झालात तर जोडीदार म्हणून मिळालेला परवाना धोक्यात येतो. मात्र मारहाण किंवा छळ होत असेल तर तीन वर्षांची अट शिथिल करता येते. शिवाय तुमची स्वतःची नोकरी असेल तर तिच्या जोरावरही परवाना मागता येतो.

मारहाण होत असेल तर ११०. पोलीस मारणाऱ्याला घराबाहेर काढू शकतात, तुम्हालाच घर सोडावं लागतं असं नाही. ११६ ०१६ ही महिलांसाठीची हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास चालू असते. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड कायम स्वतःजवळ ठेवा. 'मी सांभाळतो' असं कुणी कितीही प्रेमाने म्हटलं तरी. घटस्फोटाचा निकाल भारतात चालेल का, हा वेगळा आणि किचकट विषय आहे. दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या वकिलाला भेटूनच पुढे जा.

२१. एक जण काही महिने भारतात राहून आला तर परवाना जातो का? आणि कायमचं परतायचं असेल तर?

साधा परवाना सहा महिने बाहेर राहिल्यावर रद्द होतो. ब्लू कार्डधारक आणि त्याच्या कुटुंबाला बारा महिन्यांची मुभा आहे. कायमचे परतणार असाल तर पत्त्याची नोंद रद्द करा, निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ती करता येते. घराची नोटीस साधारणपणे तीन महिन्यांची, कागदावर, प्रत्यक्ष सहीने. करारावर दोघांची नावं असतील तर नोटिशीवरही दोघांच्या सह्या लागतात. एक जण आधीच भारतात गेला असेल तर सही केलेला मूळ कागद कुरिअरने मागवा. ईमेलने आलेला स्कॅन चालत नाही, आणि महिन्याची तारीख हुकली तर एका महिन्याचं भाडं जास्त जातं.